तेवीस कलमांची भेट

गाडी चालवण्याचे परवाने देणाऱ्या कचेरीत तो बावीस वर्षं परीक्षक होता आणि शहरभर लोक त्याला नापासराव म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून थोडं आवडतही होतं. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं. मांडीवर फळी, फळीवर कागद, हातात पेन्सिल. 'डावीकडे घ्या', 'थांबवा', 'मागे घ्या' एवढंच बोलायचं. चूक झाली की फुली, पाच फुल्या झाल्या की नापास, मग तो कुणाचा का मेहुणा असेना. वशिला चालत नसे, रडारड चालत नसे. एका वकिलाला त्याने सात वेळा नापास केलं होतं, तेव्हा शेवटी त्या गृहस्थाने सायकल घेतली.

एकदा त्याने स्वतःच्या बायकोलाही नापास केलं. रांगेत तिचा नंबर नेमका त्याच्या गाडीला लागला. सहकारी म्हणाला, "अहो, वहिनींच्या शेजारी मी बसतो की." हा म्हणाला, "नियम सगळ्यांना सारखा." मागे घेताना तिचं चाक पांढऱ्या रेघेवर गेलं, ती पाचवी फुली. संध्याकाळी घरी येऊन त्याने नेहमीसारखा चहा मागितला आणि चहा मिळाला नाही याचं त्याला मनापासून नवल वाटलं. घटस्फोट काही यामुळे झाला नाही. पण बायकोने अर्जात जी अकरा कारणं लिहिली, त्यांत हे चौथं होतं.

त्यांना एक मुलगी होती. एका जागी पाच मिनिटं बसत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. कोर्टाने भिंगरी आईकडे दिली. आई कवळ्या आणि दात बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करायची. तिला परदेशात बरी नोकरी मिळाली आणि कोर्टाची रीतसर परवानगी घेऊन ती सहा वर्षांच्या भिंगरीसह विमानात बसली. बापाच्या हातातही कोर्टाने कागद ठेवला होता: वर्षातून चार दिवस मुलगी प्रत्यक्ष भेटेल आणि दर रविवारी पाच वाजता अर्धा तास फोनवर दिसेल.

पहिले काही महिने ती दिसली. मग पाचचे सव्वापाच होऊ लागले, सव्वापाचचे पावणेसहा. बायको मुळातच उशीर करणारी, लग्नालाही वीस मिनिटं उशिरा आलेली. पुढे आज पोहायला गेली आहे, आज ताप आहे, आज मैत्रिणीचा वाढदिवस आहे असं सुरू झालं, आणि वर्षाचे ते चार दिवस तर आलेच नाहीत. नापासराव रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसायचा आणि साडेपाचला शर्ट काढून हँगरला लावायचा. त्याला फार वाईट वाटायचं. पण वाईट वाटण्यासाठी त्याच्याकडे कागदावर जागा नव्हती, म्हणून तो रागवायचा.

शेवटी तो वकीलबाईंकडे गेला. त्या म्हणाल्या, "हक्क तुमचाच आहे. फक्त तो इथला आहे. इथला परवाना तिथे चालत नाही ना, तसंच. तिथल्या कोर्टाकडून पुन्हा करून घ्यावा लागेल."

"मग घेऊ करून," नापासराव म्हणाला. नियमाने होणारी गोष्ट म्हटल्यावर त्याला हायसं वाटलं.

त्याला तीन वर्षं लागली. इकडच्या खात्याने तिकडच्या खात्याला पत्र लिहायचं, तिकडच्याने पत्र पोचल्याचं पत्र लिहायचं. हुकमाची भाषांतरं झाली, भाषांतरावर शिक्का, शिक्का खरा असल्याचा दुसरा शिक्का. एकदा सगळी फाइल परत आली, कारण फोटोत त्याचे कान दिसत नव्हते. दुसरा कुणी असता तर कपाळावर हात मारून घरी बसला असता. नापासरावाने कान दिसतील असा फोटो काढून पाठवला. त्याला त्या खात्यांबद्दल आदरच वाटत होता. काम करावं तर असं.

आणि मग तिकडच्या कोर्टाने विचारलं, भेटीचं वेळापत्रक नेमकं कसं हवं, अर्जदाराने मसुदा द्यावा. हे म्हणजे आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन! नापासराव तीन रविवार जेवणाच्या टेबलाशी बसला आणि त्याने तेवीस कलमं लिहिली. भेट चार दिवस सलग, रोज दहा ते एक. जागा सरकारी भेट केंद्र, खोली क्रमांक दोन. केंद्राबाहेर भेट नाही, हे सहावं कलम, म्हणजे आयत्या वेळी बायकोने 'अमुक ठिकाणी या' म्हणायला नको. आईने मुलीच्या कानात कुजबुजायचं नाही, हे अकरावं. नववं त्याचं विशेष लाडकं होतं: दहा मिनिटांपेक्षा उशीर झाला तर त्या दिवसाची भेट रद्द, आणि दोष ज्याच्यामुळे उशीर झाला त्याच्या नावावर. चौदावं त्याहून कडक: आईच्या नावावर एक दोष लागला की दुसऱ्या दिवशी दोन पोलीस मुलीला घरून घेऊन केंद्रात आणतील.

वकीलबाईंनी मसुदा दोनदा वाचला. "सगळं बरोबर आहे," त्या म्हणाल्या, "पण इतकं घट्ट बांधू नका. सुटायचं म्हटलं तर सुटणार नाही."

"सुटायला नकोच आहे," तो म्हणाला.

तिकडच्या कोर्टाने तेवीसच्या तेवीस कलमं स्वल्पविरामासकट मंजूर केली. आईच्या वकिलाने चौदाव्याला हरकत घेतली होती, पण आई तारखेला उशिरा पोचली.

भेट केंद्र म्हणजे टायरच्या दुकानाला लागून असलेली एक बैठी इमारत होती. नापासराव सव्वानऊला दारात हजर. तिथली भाषा त्याला कामापुरती येत होती, तीन वर्षं त्याच भाषेतले हुकूम वाचले होते. खोली क्रमांक दोनमध्ये गुडघ्याएवढ्या उंचीच्या चार खुर्च्या, चाक तुटलेला ट्रक असलेली खेळण्यांची पेटी आणि भिंतीवर घड्याळ. कोपऱ्यात एका बऱ्या खुर्चीवर केंद्राची नोंदबाई बसली होती. बापलेक काय बोलतात, कसे बोलतात, कोण कुणाला हात लावतं, हे सगळं लिहून कोर्टाला पाठवणं हे तिचं काम. तिच्या मांडीवर फळी होती, फळीवर कागद, हातात पेन्सिल.

नापासराव बुटक्या खुर्चीवर बसला. गुडघे हनुवटीला लागले. तो जरा हलला तशी नोंदबाईने काहीतरी लिहिलं. त्याने घाम पुसला, तिने पुन्हा काहीतरी लिहिलं. बावीस वर्षांत याने हजारो लोकांना घाम फोडला होता, पण ते लोक इतके का घाबरतात हे त्याला कधी कळलं नव्हतं. आता कळलं.

दहाला दोन मिनिटं असताना दारासमोर निळी गाडी थांबली. बायको वेळेवर आली होती! त्याला आनंद झाला की निराशा झाली, हे त्याचं त्यालाच सांगता आलं नसतं. तो दारात गेला. बायको उतरली, मागचं दार उघडलं, वाकून काहीतरी बोलली, सरळ झाली, पुन्हा वाकली. आतून कुणी उतरलं नाही. दहा वाजले. दहा वाजून चार मिनिटं झाली. नोंदबाई त्याच्यामागे येऊन उभी राहिली, हातात फळी घेऊनच. सात. नऊ. त्याला पळत जावंसं वाटलं, पण मुलीला दारापर्यंत आईनेच आणायचं असं पाचव्या कलमात होतं.

"दहा वाजून अकरा," नोंदबाई म्हणाली. "नवव्या कलमाप्रमाणे आजची भेट रद्द. मूल हजर केलं नाही. दोष आईचा. नोंदीवर तुम्ही सही करायची आहे, पाचपर्यंत केव्हाही या." आणि तिने खोली क्रमांक दोनला कुलूप घातलं.

नापासराव तरातरा गाडीपाशी गेला. तीन वर्षं साठवलेलं सगळं त्याच्या तोंडाशी आलं होतं. "तुला साधं एक काम..."

"मी दहाच्या आत आले होते," बायको म्हणाली. लग्नात ती त्याला अहो-जाहो करायची. लग्न मोडलं, अहो-जाहो टिकलं. "ती उतरत नाही. ओढून काढू? तुम्ही सांगा, काढते."

त्याने आत पाहिलं. भिंगरी दहा वर्षांची झाली होती. पाय लांब झाले होते, पुढचे दात मोठे आले होते, कपाळ त्याच्या आईसारखं. पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरून ती एका जागी बसली होती. भिंगरी, आणि एका जागी! ते पाहून त्याचा राग कुठल्या कुठे गेला.

"परीक्षा झाली?" तिने विचारलं.

"कसली परीक्षा?"

"आतली. ती बाई कागदावर लिहिते ना? आणि तू सगळ्यांना नापास करतोस."

"परीक्षा नव्हती ती, भेट होती."

"होती म्हणजे संपली?"

"रद्द झाली."

भिंगरीने पट्टा सोडला. ते पाहून बायको म्हणाली, "मला हिच्यासाठी बूट घ्यायचेत. एकपर्यंतचा वेळ तुमच्या कागदापायी मोकळाच ठेवला होता. यायचं तर या."

"केंद्राबाहेर भेट चालत नाही. सहावं कलम."

"भेट रद्द झाली ना? मग ही भेट नव्हेच. हे बूट."

यात कायद्याची काही चूक त्याला सापडेना. तो मागच्या सीटवर भिंगरीशेजारी बसला, कारण पुढच्या सीटवर प्लास्टरचे जबडे भरलेलं खोकं होतं. बायकोने दिवा न दाखवता गाडी वळवली. त्याच्या जिभेवर आलं, पण त्याने ते गिळलं. बायकोपुढे असं काही गिळण्याची त्याची ही पहिलीच वेळ असावी.

बुटांच्या दुकानात नापासरावाला पहिली दहा मिनिटं काय बोलावं ते सुचेना. तेवीस कलमांत भेट कुठे, केव्हा, किती वेळ हे सगळं होतं, पण भेटल्यावर करायचं काय, याचा विचार त्याने केलाच नव्हता. भिंगरी निळे बूट घालून उभी राहिली. त्याने खाली वाकून अंगठ्याने बुटाचं टोक दाबून पाहिलं आणि सवयीने म्हणाला, "चालून दाखव. डावीकडे घे."

भिंगरी डावीकडे वळली. मग थबकली, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला खेळ कळला. दोन्ही हातांनी चाक धरल्यासारखं करून ती खुर्च्यांमधून घूं घूं करत निघाली.

"थांबवा," तो म्हणाला. ती थांबली.

"आता मागे घ्या."

ती मागे निघाली, वळून न बघता, आणि खोक्यांच्या उतरंडीवर अशी आदळली की बारा-पंधरा खोकी खाली आली. विक्रेता धावला. बायकोने डोळ्यांवर हात घेतला. भिंगरी खोक्यांमध्ये बसूनच ओरडली, "पास की नापास?"

"पास," नापासराव म्हणाला.

बायकोने डोळ्यांवरचा हात काढला आणि त्याच्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात एक पांढरी रेघ होती आणि एक न मिळालेला चहा होता. नापासराव घाईघाईने खोकी रचू लागला.

मग ते दोन तास कसे गेले कळलं नाही. भिंगरीने त्याला सांगितलं की तिला पाठीवर पोहता येतं, वर्गात एक दुष्ट मुलगी आहे, आणि आई कामावरून दात घरी आणते तेव्हा ती त्यांना नावं ठेवते. त्यानेही सायकल घेणाऱ्या वकिलाची गोष्ट सांगितली. ती इतकी हसली की पुन्हा सांगायला लावली. त्याला सुख वाटत होतं, अगदी साधं, पोटभर सुख.

दुकानातून निघताना नवे बूट पायातच ठेवून ती म्हणाली, "बाबा, उद्या पोलीस येणार ना?"

"कोण म्हणालं?"

"आईचे वकील. मी उतरले नाही तर उद्या दोन पोलीस येणार. ते उचलून नेतात का? मला उचललेलं नाही आवडत."

बायकोने पर्समध्ये किल्ल्या शोधायला सुरुवात केली. किल्ल्या तिच्या हातातच होत्या.

"नाही येणार," नापासराव म्हणाला.

"पण ते तर तूच लिहिलंयस."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते याला. चौदावं कलम लिहिलं तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर बायको होती. पोलीस दार वाजवतील तेव्हा दारात कोण असेल, हे त्याच्या मनातही आलं नव्हतं.

एक वाजता तो केंद्राच्या खिडकीशी उभा राहिला. बायको आणि भिंगरी बाहेर गाडीत थांबल्या होत्या. नोंदबाईने नोंद पुढे सरकवली. त्याने पेन घेतलं, 'दोष आईचा' यातलं 'आईचा' खोडलं आणि 'अर्जदाराचा' लिहिलं.

"हे काय?"

"मी उशिरा आलो."

"तुम्ही सव्वानऊपासून इथे होतात. मी स्वतः लिहिलंय."

"मग ते खोडा."

नोंदबाईने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की नापासरावाला ती नजर ओळखीची वाटली. ती त्याचीच होती. "खोटी नोंद मी करत नाही," ती म्हणाली. "नियम सगळ्यांना सारखा."

"बाई, एवढी एक वेळ सोडा. दहा वर्षांची पोर आहे. घाबरलीय." आपल्या आवाजात आर्जव ऐकून तो स्वतःच चपापला. असं बोलणाऱ्यांना त्याने आजवर 'पुढचा' म्हणून उठवलं होतं.

"मग चौदावं कलम बदलून घ्या. न्यायाधीशांकडे अर्ज करा. सहा आठवडे लागतात."

"पोलीस उद्या नऊला येणार आहेत!"

"हो. तुम्हीच नऊ लिहिलेत." मग तिचा आवाज थोडा खाली आला. बाई दुष्ट नव्हती, नुसती बरोबर होती. "एकच मार्ग आहे. तुम्ही सगळा हुकूमच मागे घ्यायचा. मग पोलीस नाहीत, दोष नाही, काहीच नाही. पण तो पुन्हा मिळत नाही. पुन्हा हवा असेल तर पहिल्यापासून."

"त्याला किती कागद लागतात?"

"एक पान. तुमची सही."

मिळवायला तीन वर्षं, घालवायला एक पान! त्या पानावर शिक्कासुद्धा लागत नव्हता. नापासरावाने ते वाचलं. सवयीने दुसऱ्यांदाही वाचलं. 'मी माझा भेटीचा हक्क राजीखुशीने सोडत आहे.' उद्यापासून बायकोने फोन उचलला नाही, पत्ता बदलला, मुलीला दाखवायचंच नाही म्हटलं, तरी त्याला जगातल्या कुठल्याही खिडकीशी उभं राहता येणार नव्हतं. हे त्याच्याइतकं नीट कुणालाच समजत नव्हतं. मग त्याने सही केली.

नोंदबाईने पान घेतलं, तारीख टाकली. "इतक्या लांबून आलात आणि एकही भेट झाली नाही," ती म्हणाली. "वाईट वाटतं."

"हो ना," तो म्हणाला.

बाहेर बायको काच खाली करून बसली होती. "झाली सही?"

"झाली. उद्या पोलीस येणार नाहीत. कधीच येणार नाहीत. हुकूम मागे घेतला."

बायकोला समजायला वेळ लागला. समजलं तेव्हा तिचे हात स्टिअरिंगवरून खाली आले. तीही तीन वर्षं त्या हुकमाशी भांडली होती. "म्हणजे आता मी नाही म्हटलं तर?"

"तर नाही." त्याने रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "मी अजून तीन दिवस आहे इथे. त्या समोरच्या लॉजमध्ये. तू पाठवलंस तर... किंवा मी येऊ का, उद्या? थोडा वेळ?"

बायकोने गाडी सुरू केली. चिडलेली नव्हती, हसतही नव्हती. "बघू," ती म्हणाली आणि आपली काच वर केली.

मागची काच खाली आली. भिंगरीने डोकं बाहेर काढलं. "बाबा, आई बघू म्हणाली की ते नाही असतं," तिने हळूच सांगितलं. अकरावं कलम उरलं नव्हतं, त्यामुळे कुजबुजायला आता हरकत नव्हती. "पण ते पक्कं नाही नसतं. दोनदा विचारलं की ओरडते. चौथ्यांदा विचारलं की हो म्हणते."

नापासराव खिडकीपाशी वाकला. कचेरीतल्या त्या सगळ्या लोकांनी ज्या आवाजात त्याला विचारलं होतं, त्याच आवाजात त्याने विचारलं, "मग विचारशील? चार वेळा?"

भिंगरीने आपल्या नव्या बुटांकडे पाहिलं, आईच्या पाठीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहून थोडा विचार केला.

"बघू," ती म्हणाली, आणि काच वर गेली.